भाड्याने दिलेला दर्या

'चार्टर' हा शब्द अलीकडे गोव्याला किंवा मालवणला जाऊन आलेल्या तरुणांच्या तोंडी ऐकू येतो. चार-सहा जणांनी मिळून दिवसभरासाठी होडी ठरवायची, नाखव्याला सोबत घ्यायचे, गळ टाकून सुरमई किंवा तांब मिळते का ते पाहायचे आणि संध्याकाळी मासळीसह किंवा मासळीविना परत यायचे. हौसेची गोष्ट आहे. नाखव्याच्या घरातही चार पैसे जातात. परंतु आपल्या किनाऱ्यावरच्या वयस्कर कोळ्यासमोर हा शब्द उच्चारला, तर त्याच्या कपाळावर आठी पडते. त्याच्या आठवणीत 'चार्टर' म्हणजे हौशी पाहुण्यांची होडी नव्हे. ती परदेशी जहाजांची जोडी आहे. दोन जहाजे, मध्ये एकच प्रचंड जाळे आणि मागे खरवडून निघालेला समुद्रतळ. या शब्दाचा आपल्याकडचा इतिहास फार तर पन्नास वर्षांचा आहे. पण तो आपल्या धर्मग्रामांतील फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असेल. त्यात एका धर्मगुरूचा आणि एका कॅथलिक शाळाशिक्षकाचा मोठा वाटा असल्यामुळे तो येथे सांगणे अस्थानी ठरू नये.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बसून समुद्राची गोष्ट कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आपली वस्ती खाऱ्या पाण्यापासून दूर आहे हे खरे. तरीही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत ज्यांनी संसार थाटले आणि १९४९ साली ज्यांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, त्या आपल्या सिंधी शेजाऱ्यांचा देव झूलेलाल हा माशावर आरूढ आहे. तो मासा म्हणजे पल्ला. पल्ला समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतो. सिंधू नदीवर १९३२ साली सक्करचे आणि १९५५ साली कोटरीचे धरण उभे राहिले, तेव्हा त्याची वाट अडली. हा दाखला मुद्दाम देतो आहे, कारण माशाला नदी, खाडी, किनारा आणि खोल दर्या अशी वेगवेगळी घरे नसतात. पुढे जो तंटा झाला, त्याच्या मुळाशी हीच साधी गोष्ट होती. आणि आपल्या वस्तीला जिचे नाव मिळाले, ती उल्हास नदी कल्याण-ठाण्यावरून वळसा घेत शेवटी वसईच्याच खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या एका तोंडाशी पाचूबंदर आहे, पलीकडे उत्तन. दोन्हीकडे आपल्याच ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे आणि पावसाळा सरला की होड्यांना आशीर्वाद देऊन त्या पाण्यात लोटल्या जातात.

हा कोळी समुद्र कसा ओळखतो? तो तो वावेत मोजतो. दोरीला वजन बांधून खाली सोडायचे आणि दोन्ही हात पसरून दोरी मोजायची. एका पसाऱ्याची एक वाव. इतक्या वावेला डोल लावली तर बोंबील, जवळा, मांदेली; त्यापुढे अमुक वावेला पापलेट; आणखी पुढे घोळ, दाढा, वाम, शिंगाळा. भरती-ओहोटीचा जोर, उधाण आणि भांग, वाऱ्याची दिशा हे सारे या हिशेबात येते. सरकारने मात्र समुद्र मैलांत मोजला. १९७६ साली संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, ही देशाची हद्द ठरली आणि दोनशे मैलांपर्यंतच्या पाण्यातील संपत्तीवर भारताचा अनन्य हक्क जाहीर झाला. बारा मैलांच्या आतील मासेमारीचे नियमन राज्यांकडे राहिले. महाराष्ट्राने त्यासाठी १९८१ साली स्वतःचा कायदा केला. बारा मैलांपलीकडचा कारभार दिल्लीकडे गेला. दिल्लीच्या कागदावर त्या पलीकडच्या पाण्याला 'खोल समुद्र' असे नाव मिळाले.

येथेच गफलत झाली. केरळच्या दक्षिणेला किंवा कन्याकुमारीपाशी काय असेल ते असो, आपल्या किनाऱ्यासमोर समुद्र लवकर खोल होत नाही. मुंबई हाय हे तेलाचे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तेथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर, म्हणजे चाळीस-एक वाव आहे. उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटी येथील यांत्रिक होड्या पापलेट-घोळीच्या मागे बारा मैलांच्या कितीतरी बाहेर जात असत. कायद्याने ज्याला दूरचा आणि अस्पर्श दर्या म्हटले, तो त्यांचा रोजचा शिवार होता. शिवाय बाहेर पकडला जाणारा मोठा मासा लहानपणी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वाढलेला असतो. जवळचे मासे आणि दूरचे मासे अशी विभागणी बाजारात ठीक आहे. पाण्यात तसे कुंपण नाही.

दोनशे मैलांचा हक्क मिळाला, पण तेवढ्या दूर जाऊन मासळी आणणारी जहाजे देशाजवळ नव्हती. म्हणून १९८१ साली चार्टर धोरण आले. भारतीय कंपनीने परदेशी जहाज खलाशांसह भाड्याने घ्यावे, त्याने आपल्या पाण्यात मासे पकडावेत, काही काळानंतर कंपनीने स्वतःची जहाजे घ्यावीत आणि आपल्या माणसांनी ते तंत्र शिकावे, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षी परदेशी नौकांच्या मासेमारीचे नियमन करणारा कायदाही झाला. कल्पना मुळातच वाईट होती असे मी म्हणणार नाही. १९५३ साली केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पातही परदेशी हातांनी आपल्याला यंत्रे शिकवली होतीच. परंतु भाड्याने आलेल्या जहाजाला भाड्याची मुदत असते. मुदतीत जेवढे ओढता येईल तेवढे ओढून न्यायचे, एवढाच त्याचा हिशेब. तैवानी जहाजे जोडीजोडीने आली. ट्यूना व इतर खोल पाण्यातील मासे पकडायचे सोडून ती त्याच उथळ पट्ट्यात जाळी ओढू लागली, कारण मासळी तेथे होती. कोळ्यांची पसरलेली जाळी फाटून जाऊ लागली. तंत्र शिकण्याची बाब बहुतांशी कागदावरच राहिली. धोरण १९८६ आणि १९८९ साली सुधारण्यात आले. सुधारणांमुळे नियम वाढले, पहारा मात्र वाढला नाही.

यापूर्वीच एक लढा गोव्यात पेटलेला होता. तेथील रापणकार किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासेमारी करीत. १९७० नंतरच्या दशकात कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव आला आणि धनिकांचे ट्रॉलर अगदी किनाऱ्याशी येऊन तळ खरवडू लागले. रापणकारांची संघटना बांधण्यात मातान्ही साल्ढाणा या शाळाशिक्षकाने पुढाकार घेतला. १९७८ साली देशभरच्या किनाऱ्यांवरील अशा संघटना एकत्र आल्या आणि मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच जन्मास आला. साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे ते गोव्याच्या राजकारणात गेले आणि मंत्रिपदावर असतानाच २०१२ साली निवर्तले. मंचाचे नेतृत्व पुढे केरळच्या फादर थॉमस कोचेरी यांच्याकडे आले.

फादर कोचेरी हे रिडेम्प्टोरिस्ट संघाचे धर्मगुरू. १९४० साली जन्मलेले, कायद्याचे शिक्षण घेतलेले. कोळीवाड्यात राहून काम करताना त्यांनी व काही धर्मभगिनींनी मच्छीमारांच्या संघटना उभ्या केल्या, उपोषणे केली. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत ट्रॉलर बंद ठेवावेत, ही त्यांची मागणी केरळ सरकारने १९८८ साली मान्य केली. आज आपल्या किनाऱ्यावर पावसाळी बंदी सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. केरळात तिच्यासाठी माणसांना उपाशी बसावे लागले होते, हे आपण विसरतो. धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी असे रस्त्यावर उतरावे की नाही, यावर चर्चमध्ये तेव्हा बरेच मतभेद झाले आणि काही वरिष्ठांना ते मुळीच रुचले नाही. माझे मत विचाराल, तर ज्या धर्मग्रामात प्रत्येक घरचा चुलीचा प्रश्न समुद्राशी बांधलेला आहे, तेथील धर्मगुरूला समुद्राविषयी गप्प राहणेच अधिक अवघड गेले असते. असो.

१९८९ साली मंचाने पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांनी कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. पाणी वाचवा, जीवन वाचवा हा तिचा पुकारा होता. १ मे रोजी कन्याकुमारीला शेवटच्या सभेच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. मच्छीमार ही केवळ मते मागण्यापुरती आठवणारी जमात नाही, हे त्या यात्रेने देशाला दाखवले.

त्यानंतर १९९१ साल उजाडले. परकीय चलनाची टंचाई, बाजार खुला करण्याचे वारे आणि त्याच वर्षी आलेले नवे खोल समुद्र मासेमारी धोरण. चार्टरच्या जागी आता संयुक्त प्रकल्प, भाडेपट्टा आणि चाचणी मासेमारी असे तीन नवे दरवाजे उघडले. नावे निराळी, जहाजे परदेशीच. गंमत म्हणजे हे सारे शेती खात्याकडे नव्हते. अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालयाकडे होते. होडी एका खात्याची आणि जहाज दुसऱ्या खात्याचे! जणू दोघांखालचे पाणीही वेगळे.

या वेळी मात्र एक आश्चर्य घडले. जे एरवी एकमेकांची जाळी कापायला निघत, ते पारंपरिक होडीवाले, यांत्रिक नौकांचे मालक, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, निर्यातीच्या कारखान्यांतील कामगार असे सारे एका कृती समितीत आले. १९९४ सालात देशभरच्या बंदरांत बंद पाळले गेले. महाराष्ट्रातही मच्छीमार संघटना त्यात उतरल्या. १९९५ च्या फेब्रुवारीत केंद्राने पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली फेरविचार समिती नेमली, पण जहाजांचे परवाने चालूच राहिले. मे महिन्यात फादर कोचेरी गांधीजींच्या जन्मगावी, पोरबंदरला, उपोषणाला बसले. आठवड्याभराने सरकार नमले. समितीचा विस्तार झाला, मच्छीमारांचे प्रतिनिधी आणि खासदार तीत आले आणि समितीने स्वतः बंदरे पाहिली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुरारी समितीचा अहवाल आला. त्यात एकवीस शिफारशी होत्या. संयुक्त प्रकल्प, चार्टर, भाडेपट्टा आणि चाचणी यांखालील परवाने कायद्याच्या चौकटीत रद्द करावेत आणि नवे देऊ नयेत, ही पहिली. वीस मीटरपेक्षा लहान नौकांनी जे पाणी आज वापरात आणले आहे किंवा नजीकच्या काळात आणतील, तेथे त्याहून मोठ्या जहाजांना येऊ देऊ नये, हीही एक. माझ्या दृष्टीने अहवालाचा प्राण या शिफारशीत आहे. बारा मैलांची रेघ बाजूला ठेवून, कोणाची होडी कोठवर जाते हे तिने विचारले. म्हणजे सरकारी भाषेत का होईना, वावेचा हिशेब प्रथमच मान्य झाला. मासेमारीचे सर्व विषय एका मंत्रालयाकडे असावेत, असेही समितीने सुचवले. अहवाल फडताळात पडून राहू नये म्हणून १९९६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उपोषण करावे लागले, बंदरे रोखावी लागली. १९९७ साली केंद्र सरकारने शिफारशी स्वीकारल्या. मत्स्यव्यवसायाचा उल्लेख नावातच असलेले मंत्रालय दिल्लीत यायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले. १९९७ च्याच नोव्हेंबरात दिल्लीत अनेक देशांच्या मच्छीमारांची जागतिक परिषद भरली; २१ नोव्हेंबर हा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन तेव्हापासूनचा. १९९९ साली नॉर्वेचा सोफी पुरस्कार फादर कोचेरी यांना हर्मन डेली या अर्थशास्त्रज्ञासोबत विभागून देण्यात आला. ३ मे २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

भाड्याची जहाजे त्यानंतरही मागच्या दाराने येतच राहिली. २००२ साली परवानापत्र नावाची योजना आली आणि परदेशी बनावटीची जहाजे भारतीय कंपन्यांच्या नावावर फिरू लागली. २०१४ साली मीनाकुमारी समितीने २०० ते ५०० मीटर खोलीच्या दरम्यान राखीव पट्टा सुचवला, तेव्हा किनारे पुन्हा पेटले. कारण त्या पट्ट्यात उतरण्याचे धाडस आता आपलेच मच्छीमार करीत होते. २०१७ साली परवानापत्राची योजना मोडीत काढण्यात आली. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने अनन्य क्षेत्रासाठी नवे नियम काढले. त्यांत सहकारी संस्थांना अग्रक्रम आहे आणि परदेशी जहाजांना स्थान नाही.

मात्र या सगळ्या काळात आपल्या पापलेटीचे बरे झाले, असे कोणी समजू नये. परदेशी जहाजे गेली तरी तळ खरवडणारे जाळे येथेच राहिले. जे मालक १९९४ साली कृती समितीत खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यांच्यापैकीच पुष्कळांनी पर्ससीन घेतली, रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा केली. २०१६ साली महाराष्ट्राला डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले आणि २०१७ साली केंद्राला दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणावी लागली. परक्याविरुद्ध एक होणे सोपे असते; घरातल्या तंट्याला उपोषणाचा उपाय चालत नाही.

आता चर्चा वाढवण बंदराची आहे. डहाणूजवळच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ऑगस्टच्या ३० तारखेला पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. पापलेट आणि घोळीचा जो पट्टा तैवानी जोड्यांपासून वाचवण्यासाठी सातपाटी, अर्नाळा आणि वसईचे नाखवे एकदा उठले होते, त्याच पाण्यात आता भराव पडायचा आहे. या वेळी समुद्र भाड्याने द्यायचा नाही. त्याची जमीन करायची आहे.