एका अध्यापकाचा विभाग : राजाराम महाविद्यालय, कोल्हापूर (इ. स. १८८० ते १९४०)

प्रस्तावना

महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना स्थापनेचे वर्ष, इमारत, प्राचार्यांची नामावली आणि नामवंत विद्यार्थी या चार गोष्टींचा उल्लेख केला की काम झाले, अशी आपल्याकडे समजूत आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमुळे ती अधिकच दृढ झाली आहे. अध्यापन विषयांचा आणि ते शिकविणाऱ्या विभागांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या संदर्भात या बाजूचा विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लहान महाविद्यालयात 'विभाग' म्हणजे बहुधा एकच अध्यापक असे. त्यामुळे विषयाचे भवितव्य त्या व्यक्तीशी आणि तिला नेमणाऱ्या सत्तेशी बांधलेले होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दरबार आणि प्राध्यापक

कोल्हापुरात महाविद्यालयीन वर्ग १८८० मध्ये सुरू झाले. १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन पावलेल्या राजाराम महाराजांचे नाव या संस्थेस देण्यात आले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उच्च शिक्षणाचा प्रारंभ येथे झाला. पदवी मात्र त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून घेतली. अभ्यासक्रम व परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या, तर वेतन आणि नेमणूक कोल्हापूर दरबाराची, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. कोणता विषय शिकवावयाचा हे मुंबईत ठरे. तो कोणी शिकवावयाचा हे कोल्हापुरात ठरे.

या दुसऱ्या निर्णयाचे राजकीय स्वरूप संस्कृतच्या बाबतीत स्पष्ट दिसते. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) हे येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. १८९४ पासून त्यांनी 'ग्रंथमाला' हे मासिक चालविले. वेदोक्त प्रकरण पेटल्यावर त्यांची भूमिका दरबाराच्या विरोधी राहिली आणि अखेर त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. पुढे त्यांनी समर्थ विद्यालयाच्या रूपाने राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून कारावास पत्करला. ही हकीकत सहसा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या चौकटीतच सांगितली जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि, महाविद्यालयाच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ संभवतो. जेथे विषयाचा भार एकाच व्यक्तीवर असतो, तेथे त्या व्यक्तीचे मतभेद हे विषयावरचे संकट ठरते.

दुसऱ्या बाजूस अण्णासाहेब लठ्ठे यांचे उदाहरण आहे. १९०७ ते १९११ या काळात ते येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. जैन समाजातील या उच्चशिक्षित तरुणाची नेमणूक शाहू महाराजांच्या १९०२ च्या राखीव जागांच्या धोरणाशी सुसंगत होती. लठ्ठे पुढे संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अध्यापकाची खुर्ची ही सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी ठरण्याचा तो काळ होता.

१९१९ मध्ये शाहू महाराजांनी महाविद्यालय आर्य प्रतिनिधी सभेच्या स्वाधीन केले. पुढे दरबाराने ते परत घेतले. पण आर्य समाजामुळे कोल्हापुरास डॉ. बाळकृष्ण लाभले. मुलतान येथे १८८२ मध्ये जन्मलेले, कांगडी गुरुकुलात अध्यापन केलेले आणि लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळविलेले हे गृहस्थ १९२२ मध्ये प्राचार्य झाले आणि १९४० मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. मूळचे ते अर्थशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक. भारत व इंग्लंड यांच्यातील १६०१ ते १७५७ या काळातील व्यापारी संबंध हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. कोल्हापुरात आल्यावर डच व इंग्रज कंपन्यांच्या कागदपत्रांच्या आधारे त्यांनी शिवचरित्राचे इंग्रजी खंड लिहिले. पंजाबातून आलेल्या प्राचार्याने हे काम करावे, ही बाब आपल्या इतिहासलेखनात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

फार्सी आणि अर्धमागधी

डॉ. बाळकृष्ण यांच्या कारकीर्दीत महाविद्यालयात जी माणसे एकत्र आली, ती पाहता लहान संस्थेबद्दलच्या आपल्या कल्पना तपासून घ्याव्या लागतात. ना. सी. फडके १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. १९२७ मध्ये, संततिनियमनाचा उच्चारही धाडसाचा असताना, त्यांचे त्या प्रश्नावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२८ मध्ये माधव त्रिंबक पटवर्धन, अर्थात माधव ज्यूलियन, फार्सीच्या अध्यापनासाठी आले. दोघांचाही जन्म १८९४ चा. यशवंतराव चव्हाण यांनी १९३८ मध्ये पदवी घेतली ती याच महाविद्यालयातून.

माधव ज्यूलियन कवी म्हणून सर्वांस ज्ञात आहेत. प्रस्तुत लेखकास त्यांचा 'फार्सी-मराठी कोश' (१९२५) तितकाच मोलाचा वाटतो. दक्षिण महाराष्ट्रातील आदिलशाही फर्माने आणि मोडी दप्तरे फार्सी शब्दांनी भरलेली आहेत. त्यांच्या वाचनासाठी लागणारी भाषा कोल्हापुरात शिकविली जात होती आणि ती शिकविणारा अध्यापक मराठी छंदःशास्त्राची नवी मांडणी करीत होता. 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली, मराठी वाङ्मयासाठीची ही त्या विद्यापीठाची पहिली डी.लिट. होय. वर्षभरानेच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, त्यांचे निधन झाले. आज या परिसरातील मराठेशाहीच्या संशोधकास फार्सी साधनांसाठी बहुधा अनुवादावरच विसंबावे लागते.

अर्धमागधीची कथा निराळी आहे. हुपरी परिसरातील वाचकांस ती जवळची वाटावी. हुपरीची ओळख चांदीच्या पैंजणांमुळे. पण पंचगंगा व दूधगंगा यांच्या खोऱ्यातील या गावांत शेती करणारा जैन समाजही शतकानुशतके नांदत आहे. त्याचे धर्मग्रंथ प्राकृतात, तर घरातील व्यवहार कन्नड-मराठीत. दूधगंगेकाठच्या सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० मध्ये एम.ए. होऊन राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच राहिले. १९०१ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या दिगंबर जैन बोर्डिंगमुळे खेड्यातील मुलास शहरात राहण्याची सोय झालेली होती. आता त्याच्या परंपरेची भाषाही महाविद्यालयात शिकविली जाऊ लागली.

उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'ची संपादित आवृत्ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथकर्त्याचा काळ, भाषा आणि तत्त्वज्ञान यांची चर्चा करणारी तिची दीर्घ प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेची आहे. १९३७ मध्ये 'परमात्मप्रकाश', १९४३ मध्ये 'बृहत्कथाकोश' प्रसिद्ध झाले. १९३९ मध्ये त्यांनाही डी.लिट. मिळाली. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच संस्थानी महाविद्यालयातील दोन अध्यापकांना विद्यापीठाने ही पदवी दिली, आणि दोघांचेही विषय विद्यार्थिसंख्येच्या निकषावर गौणच होते. विषय टिकविण्यासाठी आज तोच एक निकष लावला, तर ही दोन्ही पदे निर्माणही झाली नसती.

तरीही दोन्ही विषयांचे भाग्य सारखे नव्हते. फार्सीच्या पाठीशी असलेला राजदरबारी व्यवहार संपत आला होता. प्राकृतामागे ग्रंथभांडारे, ग्रंथमाला आणि त्यांना द्रव्यसाहाय्य करणारा समाज उभा होता. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादन उपाध्ये यांनी डॉ. हिरालाल जैन यांच्यासह केले, ते कोल्हापुरात राहून. उपाध्ये निवृत्त झाले त्याच वर्षी, १९६२ मध्ये, शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. कोल्हापुरास विद्यापीठ असावे हा विचार डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या हयातीतच मांडला होता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सदलगा म्हैसूर राज्यात गेले, हुपरी मुंबई राज्यात राहिले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल सादर झाला आणि सीमाप्रश्न पुन्हा पेटला. त्याच वर्षी श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते कोल्हापूरचे प्रा. आ. ने. उपाध्ये.