दवाखान्याचं बिल क्रेडिट कार्डवर गेलं? फक्त 'मिनिमम ड्यू' भरत बसू नका. आधी करा ही कामं

रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायला सांगितलं. तिथं काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. अशा वेळी चाकण किंवा वाळूजच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलाचं क्रेडिट कार्डच कामाला येतं. माणूस वाचतो, घरी येतो. पण पुढच्या महिन्यात मोबाईलवर कार्डाचं बिल येतं आणि दुसरं दुखणं सुरू होतं.

अशा घरांमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे बिलावर 'मिनिमम अमाउंट ड्यू' म्हणून लिहिलेली छोटी रक्कम भरायची आणि निर्धास्त राहायचं. ती भरली की लेट फी लागत नाही, वसुलीचा फोनही येत नाही. मात्र व्याज थांबत नाही.

व्याजाचा हिशेब कसा लागतो?

बऱ्याच कार्डांवर दरमहा ३ ते ३.७५ टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

समजा, कार्डवर १ लाख रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा ३.५ टक्के आहे. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. त्या महिन्यात ५,००० रुपये भरले तर मुद्दलातून फक्त ८७० रुपये कमी होतात. दर महिन्याला न चुकता ५,००० भरत राहिलं तरी कर्ज फिटायला साधारण ४३ महिने लागतात आणि १ लाखाचे सुमारे २ लाख १६ हजार भरावे लागतात.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते. मग त्याच कार्डवर भरलेल्या पेट्रोलवर किंवा किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणून थकबाकी आहे तोवर ते कार्ड खरेदीला वापरूच नये. कार्डावरून एटीएममधून रोख काढणं तर त्याहून महाग, कारण त्यावर वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

पेशंट अजून दवाखान्यात असेल तर

कार्ड स्वाइप करण्याआधी या चौकशा कराव्यात:

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवावं. हेल्पलाइन १५५३८८. ही योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरलं आणि नंतर पैसे परत मिळतील, असं गृहीत धरू नये. पेशंट ॲडमिट असतानाच नोंद करून घ्यावी.
- ७० वर्षांवरच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.
- धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटावं.
- मुलगा कंपनीत असेल तर त्याच्या एचआरला फोन करावा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीमध्ये अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. काही कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्येही आई-वडिलांचं नाव असतं.

डिस्चार्ज घेताना तपशीलवार बिल, पावत्या आणि डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत जपून ठेवावी. मेडिक्लेमचा दावा नंतरही करता येतो, पण कागद हरवले तर अडचण होते. दाव्याचे पैसे आले की ते सरळ कार्डात भरावेत, दुसरीकडे वळवू नयेत.

बिल आल्यावर पहिल्याच महिन्यात काय करावं?

कार्डाचं कर्ज स्वस्त कर्जात बदलून घेणं, हे सगळ्यात महत्त्वाचं काम. देय तारीख उलटण्याआधीच ते करावं.

१. कार्डाचं ईएमआय. बँकेच्या ॲपवरून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून थकीत रक्कम हप्त्यांत बदलून मागावी. व्याज वर्षाला १८ टक्के आणि मुदत २४ महिने मिळाली, तर १ लाखाला हप्ता ४,९९२ रुपये बसतो. व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीचे हप्ते ५,२६० च्या आसपास जातात. म्हणजे महिन्याला पैसे जवळपास तेवढेच, पण ४३ ऐवजी २४ महिन्यांत कर्ज संपतं आणि एकूण सुमारे १ लाख २३ हजार जातात. प्रोसेसिंग फी किती आणि आधी फेडलं तर दंड किती, हे विचारूनच होकार द्यावा.

२. सोनेतारण. बँकेचं सोनेतारण वर्षाला १२ टक्क्यांनी मिळालं असं धरलं, तर महिन्याला ५,००० भरून साधारण २३ महिन्यांत १ लाख फिटतात आणि एकूण १ लाख १२ हजारांच्या आसपास जातात. मात्र हप्ते थकले तर दागिना लिलावात जातो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. वजन आणि कॅरेट लिहिलेली पावती घेतल्याशिवाय सोनं देऊ नये.

३. बचत गट किंवा पतसंस्था. महिन्याला २ टक्के व्याज असलं तरी ते कार्डाच्या निम्म्याहून कमी पडतं, कारण कार्डावर जीएसटी धरून ४ टक्क्यांच्या वर जातं.

परवाना नसलेल्या सावकाराकडून किंवा पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या अनोळखी लोन ॲपवरून घेऊन कार्ड फेडू नये. एका कार्डातून दुसरं कार्ड भरणं हाही त्यातलाच प्रकार.

पीककर्जाला हात लावावा का?

इथं जपून. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. पीककर्जाचा भरणा थांबवून ते पैसे कार्डात टाकले, तर ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडकतं. त्यामुळे पीककर्ज मुदतीत भरावं आणि उरलेला सगळा पैसा कार्डाकडे वळवावा.

कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल, तर करारातल्या अटींप्रमाणे बँक थकबाकी खात्यातून वळती करू शकते. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे त्याच खात्यात येणार असतील तर बँकेशी आधीच बोलून हप्ता ठरवून घ्यावा.

हप्ता जमत नसेल तर

गप्प बसू नये, फोन बंद ठेवू नये. बँकेला लेखी कळवावं: आजारपण, दवाखान्याचा खर्च, महिन्याला किती जमेल. ई-मेल केलेला चांगला, पुरावा राहतो. सोबत डिस्चार्ज कार्ड जोडावं.

थकबाकी बरीच जुनी झाली की बँक कधी कधी कमी रकमेत 'सेटलमेंट' देऊ करते. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवावं. क्रेडिट अहवालात खातं 'सेटल्ड' असं दिसतं आणि पुढे घर, ट्रॅक्टर किंवा मुलांच्या शिक्षणाचं कर्ज घेताना अडचण येते. सेटलमेंट केलंच, तर बँकेचं लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे भरावेत आणि नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. वसुली एजंटच्या खासगी नंबरवर यूपीआय करू नये.

वसुलीवाल्यांचा त्रास

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक किंवा शेजाऱ्यांसमोर बदनामी यांना मनाई आहे. नुसतं कार्ड थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत. व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' आलं तर घाबरून पैसे पाठवू नयेत, १९३० वर तक्रार करावी. मात्र दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी केस होऊ शकते, आणि कोर्टाची खरी नोटीस आली तर तिला उत्तर द्यावंच लागतं.

कार्ड ज्याच्या नावावर, कर्ज त्याचं. ज्यांनी सही किंवा हमी दिलेली नाही, त्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून वसुली करता येत नाही.

बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

थोडक्यात

कार्डाचं पहिलं बिल हातात आलं की त्यावरचे तीन आकडे घरात सगळ्यांनी बसून वाचावेत: एकूण देय रक्कम, व्याजाचा दर आणि देय तारीख. एकूण रक्कम भरता येत नसेल, तर त्या तारखेच्या आत ईएमआय किंवा स्वस्त कर्जाची सोय करावी. तोवर किमान रक्कम चुकवू नये, पण तेवढ्यावर थांबूही नये. पेशंटची औषधं आणि तपासण्या मात्र हप्त्यासाठी बंद करू नयेत. दुखणं उलटलं तर पुन्हा दवाखाना आणि पुन्हा तेच कार्ड.