सभागृहापर्यंत न पोचलेले नियम

वाशी, नेरूळ किंवा बेलापूरला ज्यांनी कधी घर विकले वा विकत घेतले असेल, त्यांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो : हस्तांतरण शुल्क. घर आपले, पै-पै जमवून घेतलेले, कर्जाचे हप्ते फेडलेले. पण इमारतीखालची जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. त्यामुळे ते घर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर सिडकोची परवानगी लागते आणि परवानगीबरोबर शुल्कही येते. लोक कुरकुरतात आणि भरतात. मात्र हा आकडा कोणी ठरवला, कोणत्या कायद्याने ठरवला आणि आपण निवडून दिलेल्या आमदारांपुढे तो कधी आला होता का, हे फारसे कोणी विचारत नाही. हा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. त्याची सुरुवात शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९०१ सालचा ऑगस्ट महिना. मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ पावसाळ्यात पुण्यात भरत असे. त्या बैठकीपुढे जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक होते. लागोपाठच्या दुष्काळांनी शेतकरी मोडून पडला होता, सारा थकला होता. थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला द्यायची, पण सरकारच्या परवानगीवाचून ती विकता वा गहाण टाकता येणार नाही अशी अट घालायची, असा सरकारचा बेत होता. सावकाराच्या तावडीतून कुळाला सोडवणे हा हेतू सांगितला गेला. घाई करू नका, आधी लोकांची मते घ्या, हे लोकनियुक्त सभासदांचे म्हणणे सरकारी बहुमताने फेटाळले. तेव्हा फिरोजशहा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सभासद गेले. विधेयक अर्थातच मंजूर झाले. सातबाराच्या उताऱ्यावर आजही ‘नवीन शर्त’ हे शब्द दिसतात, त्यांचा उगम त्या दुरुस्तीत आहे.

या प्रसंगातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेहता-गोखल्यांचा पराभव झाला, पण निदान विधेयक त्यांच्यासमोर आले होते. त्यांना ते वाचता आले, त्यावर बोलता आले, निषेधही करता आला. पुढच्या काळात लोकांच्या खिशाला हात घालणाऱ्या अनेक तरतुदी सभागृहापर्यंत येईनाशा झाल्या. त्यात कोणाचे कारस्थान नव्हते. राज्यकारभाराचा पसाराच तसा वाढला.

विधिमंडळ करते तो अधिनियम. त्यात ढोबळ चौकट असते. बारीकसारीक तपशील भरण्याचा अधिकार शासनाला दिला जातो, त्यातून नियम होतात. आणि कायद्याने एखादे प्राधिकरण नेमले असेल तर त्यालाही काही अधिकार मिळतो, त्यातून विनियम होतात. अधिनियम, नियम आणि विनियम ही तीन भावंडेच. थोरल्याची दखल वर्तमानपत्रे घेतात, मधला राजपत्रात छापून येतो आणि धाकटा बहुधा कचेरीतल्या फायलीतच भेटतो. आपला रोजचा संबंध मात्र धाकट्याशी.

हा धोका इंग्लंडात लवकर ओळखला गेला. तिथले सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी १९२९ मध्ये नोकरशाहीच्या या नव्या सत्तेवर पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली. १९३२ मध्ये चौकशी समितीने सांगितले की, असे नियम तपासायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत कायम समिती हवी. आपल्याकडे हे काम केले गणेश वासुदेव मावळंकर यांनी. अहमदाबादेत वकिली केलेला हा मराठी माणूस स्वातंत्र्यापूर्वी मुंबई विधानसभेचा अध्यक्ष होता आणि पुढे लोकसभेचा पहिला अध्यक्ष झाला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ मध्ये, सरकारने केलेले नियम तपासणारी समिती लोकसभेत स्थापन झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही अशी समिती आहे.

आता नवी मुंबईकडे वळू. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तीही कंपनी कायद्याखाली. १९७१ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार तिला नव्या शहराचे विकास प्राधिकरण नेमण्यात आले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्या हाती सोपवले गेले. शासनाने दिलेले भांडवल होते सुमारे चार कोटी रुपये. एवढ्या पैशांत शहर उभे राहत नाही. म्हणून तत्त्व ठरले : जमीन संपादन करायची, विकसित करून भाडेपट्ट्याने द्यायची आणि येणाऱ्या पैशातून पुढचे नोड उभारायचे. शहराने आपला खर्च आपणच काढायचा.

कल्पना हुशारीची होती आणि ती बऱ्याच अंशी यशस्वीही झाली. रुंद रस्ते, राखलेली मोकळी मैदाने आणि खाडीलगतची धारण तळी हे त्या तत्त्वाचेच फळ. पण तिचा एक परिणाम लोकांच्या नजरेतून सुटला. विधिमंडळाचा खरा धाक असतो तो तिजोरीच्या किल्लीचा. खात्याला पैसा हवा असेल तर मंत्र्याला मागणी घेऊन सभागृहापुढे उभे राहावे लागते आणि त्या निमित्ताने चार प्रश्न विचारले जातात. सिडकोचा पैसा मुख्यतः जमिनीतून आला. त्यामुळे ही पहिली दोरी सैल पडली.

दुसरी दोरी नियम सभागृहापुढे ठेवण्याची. १९६६ च्या त्या कायद्यात म्हटले आहे की, शासनाने केलेला प्रत्येक नियम अधिवेशन चालू असताना एकूण तीस दिवस दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर तो बदलतो किंवा रद्द होतो. मात्र तोवर त्या नियमाखाली जे झाले ते कायम राहते. म्हणजे नियम रद्द झाला तरी भरलेले पैसे आपोआप परत मिळत नाहीत. आणि ही तरतूद आहे नियमांसाठी. प्राधिकरणाच्या विनियमांना लागते ती शासनाची पूर्वमंजुरी. सिडकोने जमीन कशी द्यावी, कोणत्या अटींवर द्यावी, हे ठरवणारे विनियम १९७५ चे आहेत आणि ते या दुसऱ्या जातीचे. मंत्रालयाचा शिक्का पुरला. सभागृहाची पायरी चढावी लागली नाही.

याची झळ केवळ फ्लॅटवाल्यांना बसली असे नाही. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्यांना ती अधिक बसली. दि. बा. पाटील यांनी हा प्रश्न विधानसभेत आणि लोकसभेतही लावून धरला. अखेर तो रस्त्यावर आला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. प्रत्यक्ष योजना आली ती १९९० आणि १९९४ च्या शासकीय आदेशांनी. आदेशातला हिशेब पाहा. एक हेक्टर जमीन गेली, तर साडेबारा टक्क्यांप्रमाणे १,२५० चौरस मीटर व्हायला हवेत. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के, म्हणजे ३७५ चौरस मीटर वजा. हाती ८७५. भाषणांत साडेबारा, पदरात पावणेनऊ. पाच माणसांच्या प्राणांनी मिळवलेल्या तत्त्वाचा तपशील आदेशाने ठरला, त्यासाठी सभागृहात विधेयक आले नाही.

तिसरी दोरी आहे लेखापरीक्षणाची. सिडको ही सरकारी कंपनी असल्याने नियंत्रक व महालेखापरीक्षक तिचे दप्तर तपासू शकतात आणि विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना बोलावू शकते. सिडकोच्या कामांवर आणि निविदांवर ताशेरे ओढणारा असा अहवाल मार्च २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. पण त्यात हिशेब होता आधीच्या काही वर्षांचा. लेखापरीक्षण हे स्वभावतःच वरातीमागून घोडे.

मग उपाय कोणता? अमेरिकेतल्या काही राज्यांनी कठोर मार्ग धरला. फ्लोरिडाने २०१० मध्ये ठरवले की, ज्या नियमाचा भार पाच वर्षांत दहा लाख डॉलरांहून अधिक होईल, तो विधिमंडळाने मान्य केल्याशिवाय लागू होणार नाही. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये दोन वर्षांत एक कोटी डॉलर ही मर्यादा घातली. या मार्गालाही दुसरी बाजू आहे. खर्च कोणाचा मोजायचा? कारखान्याला धुराडे बदलायला पैसे लागतात हे लगेच दिसते, पण त्या धुराने आजारी पडणाऱ्यांचा खर्च मोजायला कोणी बसत नाही. शिवाय गटाराचा व्यास किती असावा यावर सभागृहात मतदान घेणे शहाणपणाचे नाही. तांत्रिक बाबी जाणकारांकडेच असाव्यात.

आपल्याला इतके लांब जाण्याचीही गरज नाही. सरकारी तिजोरीवर भार टाकणाऱ्या विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. नागरिकाच्या खिशावर पडणारा भार सांगणारे एखादे पान विनियमासोबत का असू नये? आणि जे तीस दिवस नियमाला लागतात, ते शुल्क ठरवणाऱ्या विनियमाला का लागू नयेत? अमान्य करण्याची वेळ क्वचितच येईल. पण कोणीतरी वाचणार आहे एवढी जाणीव असली, तरी लिहिणाऱ्याचा हात सावध होतो.

यात आपलीही एक जबाबदारी आहे. आमदार भेटले की आपण त्यांना पाणी, बस आणि रस्त्यातले खड्डे विचारतो. तेही विचारावेच. पण पुढच्या खेपेला हस्तांतरणाची पावती सोबत न्यावी आणि विचारावे : साहेब, हा आकडा तुमच्यासमोर आला होता का? १९०१ साली पुण्यातल्या त्या सभागृहातून जे बाहेर पडले, ते समोर आलेले विधेयक वाचून बाहेर पडले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)