पाळवणकर बाळू : परदेशीं मान, स्वदेशीं अंतर

सावित्री नदी महाडवरून वाहत येऊन बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. खाडीच्या अलीकडे आमचा रायगड, म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. त्या जिल्ह्यांतील पाळवण हें गांव ज्यांच्या आडनांवांत राहिलें, त्या पाळवणकर बाळू या क्रिकेटपटूंची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबांत १८७६ सालीं धारवाडास झाला. वडील लष्करांत चाकरीस होते. पुण्यास आल्यावर बाळूंनीं प्रथम एका पारशी क्लबांत महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचें काम धरिलें आणि पुढें युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत नोकरी पत्करिली. तेथें ग्रेग नांवाच्या नामांकित फलंदाजास सराव देण्यासाठीं ते तासन् तास चेंडू टाकीत; हातीं बॅट मात्र कोणी देत नसे. त्यांची डाव्या हाताची संथ, वळणारी गोलंदाजी या चाकरींतच पक्व झाली.

गोऱ्यांना हरवावयाचें तर बाळू हवेत, हें पुण्याच्या हिंदु खेळाडूंनीं ओळखलें व त्यांना संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वजण हातीं घेत; चहाच्या वेळीं मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यांत चहा मिळे. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता!

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडास गेला. बाळू तेव्हां पस्तिशीचे होते. बंधु शिवराम हेहि सोबत होते. संघानें २३ सामने खेळून १५ गमावले व ६ जिंकले. अशा हरणाऱ्या संघांतून बाळूंनीं दौऱ्यांत ११४ बळी घेतले, तेहि प्रत्येकीं सरासरी १९ पेक्षां कमी धावा देऊन. लेस्टरशायरवरील विजयांत त्यांचे अकरा बळी होते. सॉमरसेटवरील विजयांत शिवराम यांचें शतक होतें. परत आल्यावर मुंबईंत दलित समाजानें बाळूंचा सत्कार केला. त्यांच्या चाहत्यांत भीमराव आंबेडकर नांवाचे एक तरुण विद्यार्थी होते.

एवढें होऊनहि हिंदु संघाच्या नायकपदीं बाळूंची नेमणूक कधींच झाली नाहीं. १९२० सालीं हा अन्याय असह्य होऊन शिवराम व विठ्ठल या त्यांच्या बंधूंनीं संघ सोडला, तेव्हां कोठें समिती नमली व बाळूंना उपनायकपद मिळालें. १९२३ सालीं विठ्ठल नायक झाले. बाळूंचे खेळाचे दिवस तोंवर सरले होते.

पुढें २० मार्च १९२७ रोजीं त्याच सावित्रीकांठच्या महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. पुण्याचा तो पेला आणि महाडचें हें तळें, दोन्हींत प्रश्न एकच होता. उपायांविषयीं मात्र दोघांचे मार्ग भिन्न झाले. १९३७ च्या निवडणुकींत ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं.

१९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. ती पाहून बाळू १९५५ सालीं निवर्तले. कायद्यानें पेला एक होऊं शकतो. परंतु ज्या मोसमांत नायकपद द्यावयाचें होतें, तो मोसम कोणत्याहि कायद्यास परत आणतां येत नाहीं.