मेंढपाळाचा एक दिवस आणि आडवी गिटार

श्रोतेहो, सिन्नरच्या माळावर मेंढ्या बसवलेला धनगर तुम्ही पाहिला असेल. पेठ-सुरगाण्याकडे शाळा चालवणाऱ्या शिक्षकबंधूंना पावरीचा सूरही काही नवा नाही. पण अशा एखाद्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागदारीत बांधावा आणि त्याची तबकडी काढावी, ही कल्पना मात्र त्या काळी नवी होती. ती १९६७ साली मुंबईत प्रत्यक्षात आली. तबकडीचं नाव 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे दरीची साद. दरी काश्मीरची. संतूर वाजवणारे शिवकुमार शर्मा जम्मूचे, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया अलाहाबादचे, गिटारवाले ब्रिजभूषण काब्रा जोधपूरचे आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. हे सारं जुळवून आणणारा गृहस्थ मात्र आपला मराठी होता.

त्यांचं नाव गोविंदराव जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी. मूळचे विदर्भातले, कायद्याचं शिक्षण घेतलेले. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांनी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीत घराघरांत गेलं. नाटकातलं पद नाही, लावणी नाही, अभंग नाही, नुसती कविताच गायची, हा प्रकार तेव्हा लोकांना नवलाचा वाटला होता. पुढे १९३८ साली जोशी ग्रामोफोन कंपनीत नोकरीला लागले आणि काचेच्या या बाजूला बसून दुसऱ्यांचं गाणं टिपू लागले. अशा माणसाचं नाव तबकडीवर बारीक अक्षरात येतं, क्वचित येतही नाही. म्हणून ते इथं आधी घेतलं.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण तिच्यावाचून पुढचं समजायचं नाही. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायची. आपल्या नाशिकशी ज्यांचं घरचं नातं, ते द. वि. तथा बापूराव पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या कितीतरी लोकप्रिय तबकड्या त्या साडेतीन मिनिटांतच बसवलेल्या आहेत. आलाप सुरू होतो न होतो तोच सुई मध्यावर येते! नंतर आली लाँग प्ले. फेरे तेहेतीस आणि एक तृतीयांश, आणि एका बाजूला वीसेक मिनिटं. एवढी जागा मिळाली तेव्हाच एक अख्खा दिवस तीत मांडता आला. सकाळी अहिर भैरव आणि नट भैरव, दुपार कलताना पिलू, संध्याकाळी भूप, मग रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. रागाला वेळ असते, हे ज्यांना एरवी समजावून सांगावं लागतं त्या मुलांना ही तबकडी ऐकवून पाहा. फार बोलावं लागत नाही.

यातलं धाडस कुठं होतं, तर वाद्यांच्या निवडीत. बासरीचा प्रश्न पन्नालाल घोष यांनी आधीच सोडवला होता. १९६० साली ते वारले, पण त्याआधी लांब बांबूची बासरी घेऊन त्यांनी गुराख्याचं वाद्य मैफलीत बसवलं होतं. संतूरचं तसं नव्हतं. काश्मीरच्या सूफियाना गायकीत वाजणारं हे शंभरेक तारांचं वाद्य. तारेवर अक्रोडाच्या लाकडाच्या बारीक काठ्यांनी आघात करायचा. आघात झाला की सूर निघाला आणि विरला. मग मींड कशी घेणार? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नसेल, तर हे रागाचं वाद्यच नव्हे, असा जाणत्यांचा आक्षेप होता. वडील उमादत्त शर्मा यांच्या आग्रहानं शिवकुमारांनी ते हाती धरलं, चौकटीवरून मांडीवर घेतलं, तारांची रचना बदलली.

हा मींडेचा आक्षेप किती जबर होता, हे आपल्याकडच्या पेटीवरून कळेल. कीर्तन असो की नाटक, पेटीवाचून महाराष्ट्राचं पान हलत नव्हतं. तरीही १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला दार बंद केलं. तिची पट्टी ठरलेली आणि तिच्यावर मींड येत नाही, ही त्यामागची मुख्य कारणं. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे दरीची साद निघाली तेव्हा आमची पेटी अजून बाहेरच उभी होती, हे ध्यानात घ्या. मला स्वतःला ही बंदी पटत नाही. पण आक्षेप घेणारे अडाणी नव्हते, हेही कबूल केलं पाहिजे.

गिटारची गोष्ट नेमकी उलटी. ती परकी खरी, पण मींड तिच्या हाडीमाशी होती! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा फिरवायची रीत निघाली. जोसेफ केकुकू या मुलाला तिचं श्रेय देतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तिचं वेड अमेरिकाभर पसरलं आणि ती तिथल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यात, ज्याला ते कंट्री म्हणतात त्यात, शिरली. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या वाद्यमेळावरून ब्लूग्रास हे नाव पडलं. त्या धर्तीच्या संगीतातही पुढं १९५५ च्या सुमारास डोब्रो नावाची आडवी गिटार रुळली. दुसरी फांदी पूर्वेकडं आली. टाऊ मो हे हवाईयन कलावंत १९४० नंतरची काही वर्षं कलकत्त्यात कुटुंबासह राहिले. बंगालनं ही गिटार आपलीशी केली. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य काब्रा यांनी तिच्यावर सरोदच्या अंगानं राग वाजवला.

तबकडी परदेशात पोचली तेव्हा तिच्या चाहत्यांत बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन होते, बॉब डिलन होते, आणि बर्ड्स या मंडळीचे रॉजर मॅग्विन व डेव्हिड क्रॉसबीही होते. गंमत अशी की, त्याच बर्ड्सनी १९६८ साली कंट्री आणि रॉक यांचा मेळ घालणारी तबकडी काढली, तिच्यातही पोलादी गिटार आहे. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असं मी म्हणत नाही. पण आजीच्या दोन नाती दोन गावांत वाढाव्यात, तसं हे वाटतं.

शिवकुमार आणि हरिप्रसाद यांची जोडी पुढं 'सिलसिला'सारख्या चित्रपटांच्या संगीतापर्यंत गेली. काब्रा यांचं नाव मात्र मागं पडलं; २०१८ साली ते गेले तेव्हा फारशी वाच्यता झाली नाही. संतूर आज रागाचं वाद्य आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. गिटारच्या दोन्ही फांद्यांची गाठ १९९० नंतर पडली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडर यांच्याबरोबर काढलेल्या तबकडीला १९९४ साली ग्रॅमी मिळालं, आणि नंतर डोब्रोवाले जेरी डग्लस यांच्याबरोबरही ते वाजवायला बसले. एकाच्या हाती राग, दुसऱ्याच्या हाती केंटकीकडची धून, आणि दोघांच्याही तारांवर पोलादाचा तोच तुकडा.