नाव सोडून सगळं: कॉलेज फुटबॉलचे व्हिडिओ गेम आणि खेळाडूंच्या छबीचा हक्क

आज आपण अमेरिकेतल्या एका कोर्टकज्ज्याचा इतिहास पाहणार आहोत. वाद आहे व्हिडिओ गेममध्ये दिसणाऱ्या खेळाडूंचा. विषय ऐकून कुणाला वाटेल, हा पोराटोरांचा मामला. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. माणसाचा चेहरा, अंगकाठी, खेळण्याची लकब यांच्यावर कुणी पैसा कमावत असेल, तर त्यात त्या माणसाचा वाटा किती? अमेरिकेतल्या कॉलेजांनी अनेक दशकं या प्रश्नाला बगल दिली. ती बगल उघडी पडली, ती गेम बनवणाऱ्यांच्या हुबेहूबपणाच्या हौसेमुळे. कशी, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हटला की मैदानाच्या कडेला शे-दोनशे पोरं, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाखाहून अधिक माणसं बसतात. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा खेळ. तो आणि बास्केटबॉल हे कॉलेजांचे मोठे कमाऊ खेळ. तिकिटं, टीव्हीचे हक्क, टी-शर्ट, सगळ्यातून पैसा येतो. या सगळ्यावर देखरेख करणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिची मुळं १९०६ सालची.

एनसीएएचा पायाभूत नियम असा होता, की खेळाडू हौशी असला पाहिजे. शिष्यवृत्ती घ्यावी, शिकावं, खेळावं. खेळाचा मोबदला मात्र घ्यायचा नाही. आपल्याला हौशी रंगभूमी माहीत आहे. तिथे नटाला मानधन नसतं, पण संस्थेकडेही पैसा नसतो, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. आता कल्पना करा, नाटक हाउसफुल्ल, निर्माता गब्बर, दिग्दर्शकाला लाखोंचा पगार, आणि नटाला तेवढं सांगितलं जातंय, ‘तू हौशी आहेस बरं का!’ अमेरिकी कॉलेज खेळांची अवस्था साधारण अशी झाली होती.

यात एका शब्दाने मोठं काम केलं. तो शब्द म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’. १९५० च्या दशकात एक धोका दिसू लागला, की मैदानावर जायबंदी झालेला खेळाडू कामगार म्हणून भरपाई मागेल. कोलोरॅडोत १९५५ साली एक कॉलेज खेळाडू सामन्यातल्या दुखापतीने दगावला आणि त्याच्या पत्नीने भरपाईचा दावा केला. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. खेळाडू हा कॉलेजचा नोकर ठरत नाही, असं म्हटलं. याच काळात एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. संघटनेचे १९५१ पासून १९८८ पर्यंतचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात या शब्दाची जन्मकथा सांगितली आणि या व्यवस्थेवर कडक टीकाही केली. म्हणजे ज्याने भिंत बांधली, त्यानेच तिच्यातल्या फटी दाखवल्या.

याच दशकात कायद्याच्या दुसऱ्या दालनात उलटी गोष्ट घडत होती. च्युइंगगमबरोबर बेसबॉलपटूंची चित्रं वाटणाऱ्या दोन कंपन्यांचं भांडण लागलं. ‘हे खेळाडू आमच्याशी करारबद्ध आहेत, यांची चित्रं दुसऱ्याने छापायची नाहीत,’ असा पहिलीचा दावा. १९५३ साली न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला, की माणसाच्या छायाचित्राला प्रसिद्धीमुळे किंमत येते आणि ती किंमत त्या माणसाची मालमत्ता आहे. तो ती विकू शकतो. या हक्काला त्यांनी ‘प्रसिद्धीचा हक्क’ म्हटलं. व्यावसायिक खेळाडूला असा हक्क मिळाला. कॉलेजच्या खेळाडूलाही तो कागदोपत्री होताच. पण वापरला, की त्याचं खेळणं बंद!

आता गेमकडे येऊ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीने १९९३ साली कॉलेज फुटबॉलचा पहिला गेम काढला. १९९७ पासून तो ‘एनसीएए फुटबॉल’ या नावाने दरवर्षी येऊ लागला. संघाचं नाव, गणवेश, बोधचिन्ह, स्टेडियम, सगळं रीतसर परवाना घेऊन. परवान्याचे पैसे कॉलेजांना आणि एनसीएएला मिळत. खेळाडूंची नावं मात्र गेममध्ये नसत, कारण त्यांच्या नावाचा धंद्यासाठी वापर एनसीएएच्या नियमातच बसत नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी ईएचाच ‘क्रिकेट ०७’ खेळला असेल, त्यांना आठवेल, परवाना नसलेल्या संघांतल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून दिलेली असत. कोण कोण आहे हे पोरं बरोबर ओळखत. इथे तर नावाच्या जागी फक्त क्रमांक होता.

पण नाव सोडलं, तर बाकी काय काय होतं? सॅम केलर या खेळाडूचं उदाहरण घेऊ. तो अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा मोहरा. २००५ च्या गेममधल्या त्या संघाच्या क्वार्टरबॅकचा क्रमांक ९, केलरचाही ९. उंची तीच, वजन तेच. त्वचेचा आणि केसांचा रंग, केशरचना, कोणत्या हाताने फेकतो, गाव कोणत्या राज्यातलं, कितव्या वर्षाला आहे, हेल्मेटला काच आहे का, सगळं जुळत होतं. ईए संघांच्या साहित्य सांभाळणाऱ्या माणसांकडे प्रश्नावली पाठवून असे बारकावे गोळा करत असे. पुढे केलर नेब्रास्का विद्यापीठात गेला. २००८ च्या गेममध्ये नेब्रास्काचा क्वार्टरबॅकही हुबेहूब तोच. फक्त क्रमांक जुळेना. कोर्टाने याचं कारणही नोंदवलं आहे: हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर केलरने क्रमांक बदलला होता, बहुधा म्हणून. चूकसुद्धा अशी, की साक्ष द्यावी!

केलरने मे २००९ मध्ये दावा लावला. त्याच वर्षी रटगर्स विद्यापीठाचा माजी क्वार्टरबॅक रायन हार्ट न्यू जर्सीत कोर्टात गेला. आणि जुलैमध्ये आला एड ओ’बॅनन. १९९५ साली यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू. व्यावसायिक कारकीर्द संपवून तो लास वेगासच्या परिसरात मोटारविक्रीचं काम करत होता. मित्राच्या घरी त्याला गेममध्ये १९९५ चा यूसीएलएचा संघ दिसला, आणि त्यात टक्कल असलेला, डावखुरा, ३१ क्रमांकाचा खेळाडू. म्हणजे तो स्वतः. कॉलेज सोडून दशकाहून अधिक काळ लोटला होता. विद्यार्थी नाही, एनसीएएचा खेळाडू नाही, तरी छबी त्यांच्याच दुकानात.

ईएचा बचाव काय होता? तो अगदीच टाकाऊ नव्हता, हे लक्षात घ्यावं. त्यांचं म्हणणं, व्हिडिओ गेम ही अभिव्यक्ती आहे. २०११ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गेमना पुस्तकं-सिनेमांसारखंच घटनात्मक संरक्षण दिलं होतं. चरित्रकाराला किंवा व्यंगचित्रकाराला परवानगी लागत नाही, मग गेमला का? यावर कसोटी होती कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाची, २००१ सालची. थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाचं चित्र टी-शर्टवर छापणाऱ्या चित्रकाराच्या खटल्यात ती ठरली. कलाकाराने त्या माणसाच्या प्रतिमेतून काही नवं घडवलंय, की नुसती नक्कल विकतोय, हे पाहायचं. नवं असेल तर संरक्षण.

२०१३ च्या मे महिन्यात हार्टच्या आणि जुलैमध्ये केलरच्या खटल्यात दोन वेगळ्या अपील न्यायालयांनी ही कसोटी लावली. दोन्ही निकाल दोन विरुद्ध एक असे लागले. बहुमत म्हणालं, खरा क्वार्टरबॅक मैदानावर फुटबॉल खेळतो, गेममधलाही मैदानावर फुटबॉलच खेळतो. यात नवं काय? विरोधी मताचे न्यायमूर्ती म्हणाले, एक खेळाडू नव्हे, अख्खा गेम बघा. त्यात पुष्कळ सर्जन आहे. आमच्या मते विरोधी मतात तथ्य होतं. पण ते मानलं, तर सुटका नक्कल जितकी मोठी तितकी सोपी, अशी पंचाईत होते. आणखी एक गंमत. केलरच्याच दिवशी, त्याच न्यायपीठाने जुन्या व्यावसायिक फुटबॉलचा महान खेळाडू जिम ब्राउन याचा ईएविरुद्धचा दावा फेटाळला. त्याने प्रसिद्धीच्या हक्काऐवजी ट्रेडमार्कशी संबंधित संघराज्याच्या कायद्याचा आधार घेतला होता. कंपनी तीच, तक्रार तशीच, पण कायद्याचं दार वेगळं निघालं.

सप्टेंबर २०१३ मध्ये ईए आणि परवान्यांची मध्यस्थ कंपनी यांनी ४ कोटी डॉलरवर तडजोड केली. पुढच्या वर्षी एनसीएएने केलर खटल्यात २ कोटी डॉलर कबूल केले. गेम मात्र बंद पडला. ‘एनसीएए फुटबॉल १४’ हा शेवटचा. अनेक चाहत्यांनी खापर ओ’बॅननवर फोडलं. वास्तविक गेम बंद करा, असं त्याने मागितलंच नव्हतं. वाटा द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ओ’बॅननचा खटला मात्र चालूच राहिला, कारण त्याचा रोख मक्तेदारीविरोधी कायद्यावर होता. सगळ्या कॉलेजांनी मिळून खेळाडूच्या छबीची किंमत शून्य ठरवायची, हे संगनमत नाही का? सुनावणीपूर्वी वादींनी वैयक्तिक नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली. भांडण नियम बदलण्यापुरतं उरलं. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायमूर्ती क्लॉडिया विल्किन यांनी एनसीएएचे नियम कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला, आणि खेळाडूसाठी वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंत राखून ठेवायला मुभा दिली. २०१५ मध्ये अपिलात ही रक्कम उडाली. कायदाभंगाचा निष्कर्ष मात्र टिकला. आमच्या दृष्टीने खरा इतिहास तिथे घडला. हौशीपणाचं पवित्र कुंपण कायद्याच्या तपासणीबाहेर नाही, हे एकदा ठरलं, की बाकीचं वेळेचं काम होतं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेऊ देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने नाव, छबी यांवरची बंदी उठवली. आणि जुलै २०२४ मध्ये गेम परत आला. या वेळी खेळाडूंना विचारून, खऱ्या नावांनिशी. मोबदला: ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. १० हजारांहून अधिक खेळाडूंनी होकार दिला.

६०० डॉलर हा आकडा लक्षात ठेवा. काही दशकं जी किंमत शून्य होती, ती २०२४ मध्ये ६०० झाली. हा विजय आहेच. पण ती ठरवली कुणी? कंपनीने. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या वतीने त्यांची संघटना गेम कंपन्यांशी छबीचा सौदा करते; कॉलेजच्या पोरांच्या मागे तशी ताकद नाही. ‘पटत असेल तर घ्या, नाहीतर तुमच्या जागी कुणीतरी काल्पनिक खेळाडू घालतो,’ असा हा व्यवहार. २०२५ मध्ये न्यायमूर्ती विल्किन यांनीच मंजूर केलेल्या एका मोठ्या तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट खुली केली. पण खेळाडू हा नोकर आहे की नाही, हा कोलोरॅडोतल्या त्या विधवेने विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. हक्क मान्य होणं ही एक पायरी. भाव ठरवताना समोर बसायला मिळणं ही पुढची. ती चढायची बाकी आहे.