तळटिपेतली माणसे

१९१६ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती आणि प्रांतिक सरकारच्या हुकुमानेच हा ग्रंथ निघाला होता. विदर्भातील लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्या कोणाही माणसाला आजही त्याची पाने उलटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे त्याला कोणी त्याच्या नावाने ओळखत नाही. 'रसेल-हिरालाल पाहा' एवढेच म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला ते कळते.

ग्रंथाचे नामपृष्ठ मात्र इतके सरळ बोलत नाही. तिथे लेखक म्हणून आर. व्ही. रसेल यांचे नाव आहे. ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी आणि प्रांताच्या मानववंश-पाहणीचे अधीक्षक होते. त्यांच्या नावाखाली 'रायबहादूर हिरालाल, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, यांच्या साहाय्याने' अशा अर्थाची ओळ येते. वाचकाच्या हाती ग्रंथ पडला तेव्हा रसेल हयात नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ 'पर्शिया' ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली, तिच्यावरील मृतांत रसेल होते. त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते.

आता प्रस्तावनेकडे वळावे. हिरालाल यांच्याविषयी रसेल तिथे मोकळ्या मनाने लिहितात. १९०१ ची खानेसुमारी आणि त्यानंतरची जिल्हा गॅझेटियरे या कामांत हिरालाल आपले साहाय्यक होते, ग्रंथातील मूळ माहितीचा मोठा भाग त्यांनी स्वतः गोळा केला, ती जुळवून पाहण्यात पुष्कळ वेळ घालवला, आणि म्हणून लेखक या नात्याने त्यांचे नाव जोडणे हा त्यांचा न्याय्य हक्कच आहे, असे ते सांगतात. लगेच एक मर्यादाही घालतात. माहितीवरून काढलेली अनुमाने आणि मांडलेले सिद्धान्त यांची जबाबदारी, जिथे तसे स्पष्ट म्हटले आहे ती स्थळे वगळता, हिरालाल यांच्यावर नाही.

नामपृष्ठावर 'साहाय्य' आणि चार पाने उलटताच 'लेखकत्व'! या दोन शब्दांचा मेळ बसत नाही. रसेल यांच्या सद्हेतूविषयी आम्हांला शंका नाही. त्या काळी कनिष्ठ देशी अधिकाऱ्याचे नाव आभाराच्या ओळीत संपवणे सहज शक्य होते, आणि पुष्कळांनी तेच केले. पण सरकारी नोकरीतली उतरंड नामपृष्ठावर जशीच्या तशी उतरली हेही खरे. वरिष्ठ सेवेतला माणूस लेखक आणि प्रांतिक सेवेतला माणूस साहाय्यक.

उतरंड तिथेही थांबत नाही. प्रस्तावनेत आणखी काही नावे येतात. प्यारेलाल मिश्र काही वर्षे या पाहणीचे कारकून होते, पुढे बॅरिस्टर झाले. शिक्षणखात्यातले मुन्शी कन्हय्यालाल आणि तहसीलदार अदुराम चौधरी यांनी निरनिराळ्या जातींच्या चौकशीला हातभार लावला. मुख्य ग्रंथात लेखाच्या आरंभी तळटीप दिसते आणि अमुक यांच्या टिपणांवरून हा लेख तयार केला, असे तीत नोंदलेले असते. ग्रंथाचा खरा जन्मदाखला या बारीक टाइपात आहे, असे आम्हांला वाटते. दुर्दैवाने तळटिपा वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

सिद्धान्त एकाचे आणि माहिती दुसऱ्याची, या वाटणीचे पुढे काय झाले? पहिल्या खंडातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरचा प्रदीर्घ निबंध फ्रेझर, फुस्तेल द कूलांज अशा तत्कालीन युरोपीय पंडितांच्या आधाराने उभा आहे. देवक, कुलचिन्हे आणि सहभोजन यांविषयीची ती उपपत्ती आज कोणी प्रमाण मानत नाही. वाचली जातात ती पोटजातींची नावे, कुळे, लग्नाचे विधी, सुतकाचे नियम आणि म्हणी. म्हणजे ज्या भागाला 'साहाय्य' म्हटले, त्याच भागावर ग्रंथ आज तग धरून आहे.

मात्र हाच न्याय हिरालाल यांच्याविरुद्धही जातो आणि तो टाळून चालणार नाही. भामटा किंवा पारधी यांच्यासारख्या जमातींवरच्या लेखांत अख्ख्या समाजाला चोर ठरवणारी विधाने आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या विधानांना बळ दिले होते आणि तो कायदा १९५२ पर्यंत रद्द झाला नाही. अशी वाक्ये 'माहिती'त मोडतात की 'अनुमाना'त? माहितीचे श्रेय हिरालाल यांना द्यायचे आणि या वाक्यांपुरते बोट फक्त रसेल यांच्याकडे दाखवायचे, हा दुटप्पीपणा होईल. लेखकाचे नाव छापले जाते ते गौरवासाठी, तसेच जाब कोणाला विचारायचा हे कळावे म्हणूनही.

आणि जाब विचारण्याची वेळ खरोखरच येते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. नागपूरकरांना तो दिवस सांगावा लागत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'गोंड गोवारी' या नोंदीत आपण येतो, हे गोवारींचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते मान्य केले, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो निर्णय फिरवला. या वादात ज्या जुन्या ग्रंथांचा काथ्याकूट झाला, त्यांत रसेल-हिरालाल अग्रभागी होते. शतकापूर्वी कोणी एका गावात कोणाला तरी काही विचारले, उत्तर टिपून घेतले, ते राजधानीत आले, जुळवले गेले आणि छापले गेले. त्या ओळींवर आज हजारो मुलांच्या शाळा-कॉलेजातील जागा तोलल्या जातात. विचारणारा कोण होता, त्याने कोणत्या भाषेत विचारले, सांगणारा कोण होता, हे प्रश्न अशा वेळी नुसत्या विद्वत्तेचे राहत नाहीत.

सांगणाऱ्याचे नाव हरवण्याची परंपरा नागपुरात याहून जुनी आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या स्मरणार्थ आहे. धर्मकार्य आणि शाळा सांभाळून त्यांनी भूगर्भाचा अभ्यास केला आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवर १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात निबंध छापला. या निबंधावर दोघांची नावे बरोबरीने आहेत. विज्ञानाने त्यांची आणखी एका तऱ्हेने आठवण ठेवली. हॉटन यांनी १८५९ साली दोन खनिजांना 'हिस्लॉपाइट' आणि 'हंटराइट' अशी नावे दिली, तर त्याआधी १८५८ मध्ये कार्टर यांनी गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राणिकुलाला 'हिस्लॉपिया' म्हटले. (खनिजांची नावे पुढे स्वतंत्र खनिजे म्हणून टिकली नाहीत. तो प्राणी मात्र अजून हिस्लॉप यांचेच नाव मिरवतो.)

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात हिस्लॉप वाहून गेले. आदिवासींविषयीचे त्यांचे कागद मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. आम्हांला टेंपल यांचा आदर वाटतो तो याकरिता, की त्यांनी स्वतःला संपादक म्हणवले आणि ग्रंथावर मृताचे नाव राखले. नागपूरच्या या दोन्ही ग्रंथांचे कर्ते पाण्यात गेले आणि पुस्तके त्यांच्यामागून निघाली, हा विलक्षण योगायोग म्हणायचा.

हिस्लॉप यांच्या कागदांतील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे लिंगोची गोंडी गाथा. गोंडांची उत्पत्ती, त्यांची बंदिवासातून सुटका आणि लिंगोने घालून दिलेली कुळांची व्यवस्था तीत येते. ती एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली होती. परधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरी वाजवीत यजमानाच्या दारी कुळांच्या कथा गाणे हे त्यांचे परंपरागत काम. कॅप्टन फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात हीच गाथा लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या चालीवर इंग्रजी पद्यात घातली. रसेल-हिरालाल यांनीही गोंडांवरील लेखात तिला जागा दिली. हिस्लॉप यांनी लिहून घेतली, टेंपल यांनी छापली, फोर्सिथ यांनी पद्यात आणली, असे प्रत्येक हाताला नाव आहे. ज्या कंठातून ती आली तो मात्र 'एक परधान' एवढाच उरला.

कोणी म्हणेल की परधानाने तरी ती गाथा कुठे रचली होती? ती परंपरेची. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला 'लेखक' म्हणणे आम्हांलाही जड जाते, आणि आपण काही रचतो असा दावा त्याने स्वतःही केला नसता. पण साक्षीदाराचे नाव तरी लिहावे! कोणत्या गावचा, कोणत्या घराण्याचा परधान, हे कळले असते तर त्या गाथेचे इतर पाठ तिच्याशेजारी ठेवून पाहता आले असते. हिस्लॉप यांनी जीवाश्म उचलले तेव्हा त्यांची ठिकाणे काळजीपूर्वक नोंदली होती.

या बाबतीत एका मराठी ख्रिस्ती माणसाची आठवण ठेवणे उचित होईल. शामराव हिवाळे १९३२ साली व्हेरियर एल्विन यांच्यासह मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन यांची कीर्ती जगभर झाली, शामरावांचे नाव त्यांच्या सावलीत राहिले. तरी १९३५ चा गोंडी गीतांचा संग्रह आणि १९४४ चा मैकल टेकड्यांतील लोकगीतांचा संग्रह, दोहोंवर उभयतांची नावे आहेत, आणि १९४६ साली परधानांवरचा स्वतंत्र ग्रंथ शामरावांनी स्वतःच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला. आमच्या समाजात किती जणांनी तो पाहिला आहे? निदान आमच्या ग्रंथालयांनी तो मिळवून ठेवावा, अशी विनंती आहे.

आजकाल लेखकत्व मोजण्याची यंत्रे फार झाली आहेत. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ च्या सुमारास विज्ञानलेखांची उल्लेखसूची सुरू केली. कोणाच्या लेखाचा कोणी किती वेळा आधार घेतला, हे तीवरून कळू लागले. त्या छापील सूचीत उल्लेखिलेला लेख पहिल्या लेखकाच्या नावाखालीच लावलेला असे. तिथे रसेल-हिरालाल ग्रंथाचा प्रत्येक उल्लेख रसेल यांच्या खात्यावर पडला असता आणि हिरालाल यांच्या खात्यावर शून्य. उलट टोक २०१५ साली दिसले. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी प्रत्यक्ष निबंध ९ पानांचा, बाकी बहुतेक सारी नावे आणि संस्था. तिथे तळटिपेतला प्रत्येक माणूस वर आला खरा, पण कोणी काय केले ते गर्दीत शोधणे कठीण.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत गुणांचा तक्ता दिला. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून निघालेल्या ग्रंथाला १२ गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. अधिक असतील तर प्रमुखाला ७० टक्के आणि इतरांना ३० टक्के. आम्ही गंमत म्हणून हिशेब केला. चार खंडांना एक ग्रंथ धरून, दोघेच लेखक मानले तर रसेल ८.४, हिरालाल ८.४. प्यारेलाल मिश्र यांनाही लेखक मानले, तर हिरालाल एकदम ३.६ वर येतात, आणि तेवढेच गुण प्यारेलाल यांना मिळतात. रसेल यांचे काहीच कमी होत नाही. कारकुनाला न्याय द्यायचा तर किंमत मोजतात हिरालाल. अशा तक्त्यापुढे बसलेला प्राध्यापक आपल्या हाताखालच्या संशोधकाचे नाव घालताना काय विचार करील, ते वाचकांनी ताडावे.

हिरालाल यांना स्वतःला या हिशेबाची गरज नव्हती. रसेल यांचा ग्रंथ निघाला त्याच १९१६ साली मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील शिलालेखांची त्यांची वर्णनात्मक सूची नागपूरच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडली. १९२६ साली संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची आली. १९३० च्या पाटण्याच्या प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. हिंदीत त्यांनी जिल्ह्याजिल्ह्याची वर्णने लिहिली आणि त्यांना 'दमोह दीपक', 'जबलपुर ज्योति', 'सागर सरोज', 'मंडला मयूख' अशी सानुप्रास, हौसेची नावे दिली.

१९१६ च्या त्या चार खंडांचे मात्र पुनर्मुद्रण होत राहिले. नव्या काही प्रतींवर आणि संदर्भसूच्यांत हिरालाल यांचे नाव आता रसेल यांच्या जोडीला येते. 'साहाय्याने' हा शब्द गळला आहे. पण 'रायबहादूर' या पदवीची आद्याक्षरे कोणाला तरी माणसाची आद्याक्षरे वाटली, आणि पुष्कळ सूच्यांत मुडवाऱ्याचे हिरालाल 'लाल, आर. बी. एच.' या नावाने लावलेले आढळतात.